वेणांनंतर

प्रसूतीच्या वेदनेसाठी मराठीने एक स्वतंत्र शब्द राखून ठेवला आहे. डोके दुखते, दाढ ठणकते, गळू ठसठसते, काटा सलतो, पाठीत उसण भरते. पण मूल जन्माला येताना बाईला जे होते त्याला 'वेणा' म्हणतात, आणि हा शब्द दुसऱ्या कोणत्याही दुखण्याला लावता येत नाही. त्याच्यामागे येणारे क्रियापदही विलक्षण आहे. दुखणे माणूस सोसतो, काढतो, अंगावर घेतो. वेणा मात्र बाई 'देते'. भाषेने येथे वेदनेचे कर्तेपण तिच्याकडे दिले आहे. वेणांना आरंभ असतो, चढ असतो, शेवट असतो आणि शेवटी कुशीत मूल असते. आधी वेदना, मग मूल हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या इतका पक्का बसला की बाळंतपणाच्या साऱ्या चालीरीती, शेक-शेगडी, धुरी, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, या वेदना सरल्यानंतरच्या दिवसांसाठीच रचल्या गेल्या. झिजलेले शरीर भरून काढणे हे त्यांचे काम. दुखणे घालवणे हे त्यांच्या कक्षेत येतच नाही, कारण ते सरले असे गृहीतच धरलेले असते.

पोटावर शस्त्रक्रिया करून मूल बाहेर काढले जाते तेव्हा हा क्रम उलटा होतो. बाईच्या कण्यात सुईने औषध सोडलेले असते, कंबरेखालचे अंग तिचे उरलेले नसते. ती टक्क जागी असते, हिरव्या कापडाच्या पडद्यापलीकडे काही ओढाताण चाललेली तिला जाणवते, पण दुखत नाही. आणि मग मुलाचे रडणे ऐकू येते. दोन-तीन तासांनी पायांना मुंग्या येतात, अंगठा हलतो. 'पाय हलवला' म्हणून नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात आणि नेमकी त्याच सुमारास ओटीपोटावरची जखम जागी होऊ लागते. या दुखण्याला मराठीत नाव नाही. 'टाके दुखतात' एवढेच म्हटले जाते. जणू दुखणे दोऱ्याचे आहे, बाईचे नाही.

बिननावाच्या दुखण्याला दादही मिळत नाही. शेजारच्या खाटेवर रीतसर कळा देऊन मोकळी झालेली बाई दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी न्हाणीकडे जाते आणि जाता जाता म्हणते, "तुझं बरं बाई, कळा नाही द्याव्या लागल्या." सासू तसे उघड बोलत नाही, पण 'सिझर झालं' हे शब्द ती पाहुण्यांना ज्या स्वरात सांगते त्यात सुनेला कसलीशी सूट मिळाल्याचा भाव असतो. ज्या बाईने वेणा दिल्या नाहीत तिने वेदनेबद्दल बोलावे तरी कोणत्या तोंडाने? त्यातून कित्येकींच्या वाट्याला दोन्ही येते: दहा-बारा तास कळा दिल्यानंतर मुलाचे ठोके मंदावतात आणि मग पोटावर सुरी चालते.

अशा बायांची संख्या आता लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ मध्ये देशातील शंभर बाळंतपणांपैकी साडेआठ शस्त्रक्रियेने झालेली आढळली होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण २१.५ वर गेले. महाराष्ट्रात ते २५.४ होते, तेलंगणात ६०.७. त्याच पाहणीत सरकारी रुग्णालयांतले प्रमाण १४.३ आणि खाजगी रुग्णालयांतले ४७.४ निघाले. यांतल्या किती शस्त्रक्रिया अटळ होत्या आणि किती सोयीच्या, हा वाद मोठा आहे आणि तो झालाच पाहिजे. पण त्या वादात एक गोष्ट हमखास विसरली जाते. शस्त्रक्रिया गरजेची असो की बिनगरजेची, जखम तीच असते, आणि त्या जखमेसह तिसऱ्या-चौथ्या तासाला उठून मुलाला अंगावर घ्यायचे असते. पोटाची दुसरी कोणतीही मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याला कोणी त्या अवस्थेत दुसऱ्या जिवाची जबाबदारी सोपवत नाही.

बाळंतिणीच्या वेदनेवर औषध द्यावे की नाही, हा प्रश्न एकदा एडिंबरा शहरात गाजला होता. १९ जानेवारी १८४७ रोजी जेम्स यंग सिम्पसन यांनी एका अडलेल्या बाईला ईथर हुंगवले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म वापरात आणले. डिसेंबरात त्यांनी धार्मिक आक्षेपांचे खंडन करणारी पुस्तिकाही छापली. गंमत अशी की पुढे इतिहासकारांनी जुने कागद चाळले तेव्हा धर्मगुरूंचे छापील आक्षेप फारच थोडे सापडले. सिम्पसन यांनी विरोधाच्या आधीच उत्तर देऊन ठेवले होते. विरोध होता तो अधिक डॉक्टरांच्या मनात: वेदना ही निसर्गाची योजना आहे, तिच्यात हात घालू नये. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने जॉन स्नो यांच्या हातून क्लोरोफॉर्म घेतला आणि तो वाद पुष्कळसा थंडावला. राणीला जे चालते ते प्रजेलाही चालते. पण हा सारा वाद वेणांचा होता. पुढे १८८६ मध्ये फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी घेणाऱ्या आनंदीबाई जोशी यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तोही आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी त्या स्वतः बाळंत झाल्या होत्या आणि ते मूल दहा दिवसांत गेले होते. तिकडे जाण्याची जिद्द कोठून आली असेल, हे वेगळे सांगायला नको.

आज सिझेरियनसाठी बहुधा कण्यातच भूल दिली जाते. तिची सुरुवात कील या जर्मन शहरात झाली. ऑगस्ट १८९८ मध्ये आउगुस्ट बीअर आणि त्यांचा सहायक हिल्डेब्रांट यांनी रोग्यांवर वापरलेली ही पद्धत स्वतःवर पडताळून पाहिली. कोकेन कण्यात गेल्यावर बीअर यांनी हिल्डेब्रांटच्या नडगीवर हातोडी मारली, कातडीला पेटती सिगार टेकवली. त्याला काही कळले नाही. भूल उतरल्यावर मात्र दोघांचीही डोकी कित्येक दिवस दुखत राहिली. भूल उतरल्यानंतर काय, हा प्रश्न असा पहिल्याच दिवशी उभा राहिला होता.

सिझेरियनची आजची जखम आडवी असते, ओटीपोटाच्या घडीत लपणारी. १९०० मध्ये ती सुचवणारे हेर्मान फानेनश्टील तेव्हा ब्रेस्लाऊला होते. १९०९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनून ते गेले. त्यांचा छेद दिसायला लहान, पण तो कातडी, चरबी आणि चिवट आवरण कापत जातो, मधले स्नायू दोन बाजूंना सारतो आणि मग गर्भाशयाला पोचतो. म्हणून या दुखण्याचे दोन भाग आहेत. एक भिंतीचे: खोकला आला, हसू आले, कूस बदलली की चर्रकन फाटल्यासारखे होणारे. दुसरे पिशवीचे: खोल, मुरडा पडल्यासारखे, मूल दूध ओढू लागले की गर्भाशय आकसते तेव्हा वाढणारे. बाया हा फरक अचूक सांगतात. विचारणारा हवा.

भिंतीच्या दुखण्यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक उपाय निघाला आहे, आणि तो समजायला मराठीतला 'पदर' हा शब्द फार उपयोगी पडतो. पोटाच्या बाजूची भिंत तीन स्नायूंच्या पदरांची आहे: बाहेरचा तिरका, आतला उलट्या दिशेने तिरका आणि सर्वांत आतला आडवा. कण्यातून निघणारे मज्जातंतू बरगड्यांखालून पुढे येतात ते दुसऱ्या आणि तिसऱ्या पदरांच्या मधून. जखमेची बातमी याच वाटेने मेंदूकडे जाते. या दोन पदरांच्या मध्ये, दोन्ही कुशींत, बधिर करणारे औषध सोडले तर मज्जातंतूंच्या भिंतीतून सोडियमचे कण आत शिरण्याची दारे मिटतात आणि बातमी वाटेतच थांबते. बाई शुद्धीवर असते, पाय हलतात, मूल उचलता येते; फक्त पोटाची भिंत काही तास मुकी होते. २००१ मध्ये रफी या भूलतज्ज्ञाने यासाठी कंबरेवरची एक जागा दाखवली. झाँ-लुई पेती या अठराव्या शतकातल्या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावाने ओळखला जाणारा तो छोटा त्रिकोण आहे. तेथून बोथट सुई आत नेताना दोन आवरणे ओलांडल्याचे दोन हलके झटके बोटांना जाणवतात. दुसऱ्या झटक्याशी थांबायचे. आयर्लंडमध्ये मॅक्डॉनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिझेरियन झालेल्या ५० स्त्रियांवर ही रीत तपासून २००८ मध्ये निष्कर्ष छापले: पहिल्या ४८ तासांतली मॉर्फीनची गरज एक चतुर्थांशाच्या आसपास आली होती. पुढे सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई नेण्याची पद्धत रूढ झाली. पडद्यावर औषध काळे दिसते. दोन पांढऱ्या रेषा विलग होतात आणि त्यांच्यात होडीच्या आकाराची काळी पोकळी उघडत जाते. ब्लांको यांनी औषध आणखी मागे, कण्याजवळच्या स्नायूच्या कडेला सोडण्याची रीत मांडली. ती थोडी खोल दुखण्यापर्यंतही पोचत असावी असे मानतात.

इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर या उपायाला 'टॅप ब्लॉक' म्हणतात. टॅप म्हणजे नळ, एवढे ठाऊक असलेल्या आया आणि परिचारिका 'बाईंनी नळ बंद केला' असे म्हणतात. वैद्यकातल्या परिभाषेला इतके चपखल भाषांतर क्वचित लाभते.

तालुक्याच्या गावात या 'बाई' म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई. त्यांना एकच एक रुग्णालय नसते. गावातल्या चार-पाच प्रसूतिगृहांतून फोन येतो तसे त्या जातात, रात्री दोनलाही. सोबत एक मोठी पिशवी असते, तीत सुया, नळ्या, कुप्या. जन्मलेल्या मुलाच्या पेढ्यांचा पुडा प्रसूतितज्ज्ञाकडे जातो. भूल देणारीचे नाव बाळंतिणीला ठाऊक नसते. अशी एक डॉक्टरीणबाई कल्पनेतली म्हणता येणार नाही, कारण महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक तालुक्यात ती आहे.

तिच्यापुढचा पेच असा. पुस्तक सांगते की कण्यात भूल देतानाच तीत शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग, मॉर्फीन मिसळावे. अठरा ते चोवीस तास बाईला स्वस्थता मिळते. खाज सुटते, मळमळते, क्वचित श्वास मंदावतो, म्हणून रात्रभर कोणीतरी श्वास मोजत बसायला हवे. ज्यांना हे मॉर्फीन मिळाले त्यांना टॅप ब्लॉकने फारसा जास्तीचा आराम पडत नाही, असेच पुढच्या अभ्यासांतून दिसले. म्हणून २०२१ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी सिझेरियनसाठी शिफारशी मांडल्या तेव्हा ब्लॉकला जागा दिली ती कण्यातले मॉर्फीन न दिलेल्या स्त्रियांसाठी. श्रीमंत देशांत जो दुसऱ्या पसंतीचा उपाय, तो येथे पहिल्या पसंतीचा होतो, कारण मॉर्फीन नाही. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, बोंडांना चिरा पाडून तिचा चीक गोळा होतो, गाझीपूर आणि नीमच येथे सरकारी कारखाने आहेत. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांच्या आणि शिक्षेच्या धास्तीने रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये कायदा सैल झाला. धास्ती तेवढ्या लवकर सैल होत नाही. आणि मॉर्फीन आले तरी तीन मजल्यांवर मिळून रात्रपाळीला एकच परिचारिका असलेल्या प्रसूतिगृहात श्वास कोण मोजणार?

उरली सुई. आणि तेथे दुसरा कायदा आडवा येतो. गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ मध्ये. त्यासाठी कार्यकर्त्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, जीव ओतला होता. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो अमलात यावा म्हणून मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' आणि साबू जॉर्ज यांना २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी, प्रत्येक तपासणीचा अर्ज, दारावर पाटी अशी शिस्त आली. हाती वाहून नेण्याजोगे यंत्र नोंदलेल्या जागेबाहेर नेता येत नाही. फिरत्या आरोग्यपथकांना तेवढी मुभा आहे. या प्रसूतिगृहातून त्या प्रसूतिगृहात जाणाऱ्या भूलतज्ज्ञ बाईने आपले यंत्र पिशवीत घातले तर तो गुन्हा ठरेल. पोटात मूल उरलेलेच नाही, ते शेजारी पाळण्यात रडते आहे, आणि यंत्र आईच्या कुशीतले तीन पदर बघण्यासाठी हवे आहे, हे कायद्याला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून कायद्याला दोष द्यावा, तर महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८९४ उरल्या. यंत्राने जे केले आहे ते पाहता त्याला कुलूप घालणाऱ्यांना हसता येत नाही. मुलींच्या जिवाची राखण करणारा कायदा त्याच मुली आई झाल्यावर त्यांच्या वेदनेच्या आड येतो, एवढे मात्र खरे आहे, आणि दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असण्याचा त्रास डॉक्टरीणबाईला होतो, कायदा करणाऱ्यांना होत नाही.

तेव्हा ती पेतीच्या त्रिकोणाकडे परतते, बोटांच्या भरवशावर. बाळंतिणीचे पोट सैल असते, चरबीच्या थराखाली त्रिकोण हाताला लागत नाही, सुई खोल गेली तर आतड्याला धोका. जेथे हात खात्री देत नाही तेथे ती सुई ठेवून देते आणि टाके घालतानाच जखमेच्या कडांत औषध भरायला शल्यविशारदाला सांगते. तो कधी भरतो, कधी घाई आहे म्हणतो.

औषधाचा हिशेबही परदेशी पुस्तकावर सोडता येत नाही. ब्यूपिव्हाकेन किलोमागे दोन मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, असा ती दंडक पाळते. पुस्तक म्हणते, पाव टक्का द्रावण, दोन्ही बाजूंना वीस-वीस मिलिलिटर. म्हणजे शंभर मिलिग्रॅम. ऊसतोडीवरून आलेल्या बाळंतिणीचे वजन पंचेचाळीस किलो. तिची मर्यादा नव्वद. शिवाय कण्यात दहा मिलिग्रॅम आधीच गेलेले. म्हणून ती पंधरा-पंधरावर थांबते. मात्रा चढली तर आधी जीभ जड होते, तोंडाला धातूची चव येते, कानांत घंटा वाजतात, मग झटके, मग हृदय. त्यावरचा उतारा म्हणजे सोयाबीनच्या तेलाचे दुधाळ सलाइन. औषधाचे कण या तेलाकडे ओढले जातात. १९९८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून त्याचा गुण कळला. ही बाटली वर्षानुवर्षे लागत नाही आणि मुदत संपली की टाकून द्यावी लागते; म्हणून कोणते प्रसूतिगृह ती आणत नाही. डॉक्टरीणबाईच्या पिशवीत ती असते, स्वतःच्या पैशाने घेतलेली.

बिलात ब्लॉकसाठी रकाना नाही. भूल म्हणून जी रक्कम ठरलेली तीत तो मोफत. कधी वेगळे पैसे मागावेत असे ठरले तर घरच्यांना विचारावे लागते, आणि विचारायचे कोणाला, तर व्हरांड्यातल्या पुरुषांना. "गरज आहे का मॅडम?" नवरा विचारतो. "आमच्या वेळेला हे काही नव्हतं," सासू म्हणते. सासूच्या वेळेला सिझेरियनही नव्हते, हे कोणी बोलत नाही. मुलीची आई मात्र पुष्कळदा पदराआड हात घालून गाठ सोडते आणि हलक्या आवाजात म्हणते, "द्या हो बाई, माझ्या पोरीला काय द्यायचं ते द्या."

दुखणे मोजण्याची एक जागतिक रीत आहे: शून्य ते दहा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे कल्पनेतले सर्वांत भयंकर. या प्रश्नाला बाळंतीण आधी सासूकडे बघते आणि मग म्हणते, "आहे थोडं." आकडा सांगत नाही. वेदना कमी सांगण्याचे शिक्षण तिला न्हाण आल्यापासून मिळालेले असते. डॉक्टरीणबाईने आकडे विचारणे केव्हाच सोडले. ती विचारते, "कूस बदललीस का गं? खोकलीस का? बाळाला मांडीवर कोणी दिलं, की तू स्वतः घेतलंस?" उत्तरे नेमकी येतात. पहिल्या दिवशी ज्यांचे दुखणे फार असते त्यांच्यात दोन महिन्यांनीही दुखत राहणे आणि मनाची उदासी अधिक आढळते, असे अभ्यासांतून दिसले आहे. गावात त्याला 'बाळंतवाताची लक्षणं' म्हणून सोडून देतात.

ब्लॉकने सारे दुखणे जाते असे नाही. पिशवीच्या मुरड्याला तो शिवतही नाही. त्यासाठी पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक ठरल्या वेळी, मागण्याची वाट न पाहता, द्यावे लागते. आणि अर्धा दिवस सरता सरता तो उतरतो, बहुधा मध्यरात्रीनंतर, सगळे झोपलेले असताना. केसपेपरवर हे लिहायला जागा नसते. डॉक्टरीणबाई समासात लिहिते: 'ब्लॉक दुपारी २. रात्री २ च्या सुमारास उतरेल. १ वाजता गोळी द्यावी, झोपली असल्यास उठवून.' खाली सही करते आणि 'उठवून' या शब्दाखाली रेघ ओढते. रात्रपाळीची परिचारिका ते वाचते, आपल्या मोबाइलवर पाऊण वाजताचा गजर लावते आणि टेबलावर डोके टेकते.